पिवळ्या फुलाचा कौल

मालवण, नोव्हेंबर १९५५
दिवाळी झाल्यावर

वर नावाची जागा कोरी दिसेल. "घोवाचा नाव लिव नको गो, त्येचा आयुष्य उणा होता," असं तुमच्या आईंनी बजावलं आहे. तेव्हा हे पत्र कोणी कोणाला लिहिलं ते तुमचं तुम्हीच ओळखा. सौ. मथुरेचा नमस्कार.

पत्र बांद्याच्या बाबलीच्या हाती देते आहे. गोव्याची वाट बंद, टपालाचा भरवसा नाही, हद्दीवर बंदुका. तरी हा बाबली इकडून कांदे नेतो आणि तिकडून दाढीची पाती आणि वासाचा साबण आणतो. मी म्हटलं, भीती नाही वाटत? तर म्हणतो, "वैनी, हद्द माणसांका कळता, चपलांक नाय." पणजीच्या धक्क्यावर विचारत विचारत तुम्हाला गाठीन म्हणाला आहे.

गेल्या मार्गशीर्षात मचव्यावरून गेलात ते पंधरा दिवसांत येतो म्हणून. मचवा आला. तुम्ही नाही आलात. खलाशी म्हणाले, पणजीला उतरला, थोडं काम आहे, मागून येतो म्हणाला. मग वाट बंद झाली. तुमचे चुलतभाऊ, आपले भाई, म्हणतात की फिरंग्यांनी धरून कोठडीत टाकलं असेल. हे ते अशा आवाजात सांगतात की जणू त्यांचाच मान वाढला. मी रोज संध्याकाळी तुळशीपाशी एकच मागते, कोठडीत का असेना, पण असोत.

आता एक चांगली बातमी. तुमचं झाड फुललं.

आदल्या शिमग्याला ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं ते, पणजीच्या कुठल्याशा पाद्र्याच्या बागेतलं. आईंनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. "पानां हळदीसारी आणि गड्ड्याक हळदीचो वास नाय. खावक नाय, देवाक नाय, मगे होया कित्याक?" मी मात्र न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला लावलं. पानं पात्यासारखी, एकाला एक चिकटून, हाताचा पंजा उघडावा तशी येतात. काल सकाळी त्यात एक पिवळंधमक फूल. बाहेर तीन मोठ्या पाकळ्या, आत तीन मुडपलेल्या, मध्ये तपकिरी ठिपके. मी आईंना हात धरून आणलं. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. दुपारी जेवणं आटोपून पुन्हा बघायला गेले तर फुलानं मान टाकलेली. पाकळ्या पिळून ठेवलेल्या चिंधीसारख्या. एवढंच का हो त्याचं आयुष्य?

तुम्ही सांगितलेलं विसरले नाही. फूल गेलं तरी देठ कापायचा नाही, त्याच्या टोकाला पिल्लू धरतं, ते जड झालं की देठ आपणच वाकून जमिनीला टेकतो आणि पिल्लू तिथे मूळ धरतं. मग कापायचा. म्हणजे हे झाड एकेक पाऊल टाकत चालतं. मी त्याला चालतं झाड म्हणते. तुम्ही या, तोवर ते अंगणाच्या कडेच्या कट्ट्यापर्यंत, पेळेपर्यंत तरी पोचेल.

दोन ओळी लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, ते मला माहीत आहे.

तुमची,
सौ. मथुरा


मालवण, जुलै १९५६

उत्तर नाही. बाबलीला विचारलं, पत्र पोचलं का? "पोचता केलंय," म्हणाला. कोणाच्या हाती? तर गडी आपल्या चपलांकडे बघत बसला. मी पुढे विचारलं नाही. कोठडीतल्या माणसाला पत्र देतात की नाही, कोण जाणे.

इकडे पाऊस धो धो आहे. झाडाचा एक गड्डा कुजला. चूक माझीच. माडाला घालतात ते मासळीचं खत मी लाडानं त्याच्याही बुडाशी घातलं. आधी पात्यांची टोकं करपली, मग आषाढात बुडाशी पाणी साचून गड्डा मऊ पडला. उपटला तर हातात चिखल आणि घाण वास. त्या दिवशी जेवले नाही. आई म्हणाल्या, "झाडासाठी उपाशी ऱ्हवतंस, लोकांका काय सांगू?" मग त्यांनीच सुरणाला करतात तसा मातीचा उंचवटा करून दिला, खाली चिऱ्याची खडी घातली. उरलेलं तिथे हलवलं आणि बुडाशी फक्त राख आणि कुजका पाला. आता बरं आहे. खारा वारा लागू नये म्हणून समुद्राच्या बाजूनं माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसाही केला.

तुमच्या आईंचं तोंड विळ्यासारखं आहे, पण हात मऊ आहेत, हे मला पावसाळ्यात कळलं. त्यांना आता नीट दिसत नाही. रोज सकाळी विचारतात, फुललं काय? फुललं म्हटलं की त्यांना वाटतं, तुम्ही बरे आहात. मी त्यांची समजूत मोडत नाही. माझीही तीच आहे.

सौ. मथुरा


मालवण, मार्च १९५८
शिमगा झाल्यावर

आज देवळात तुमच्यावर कौल लावला.

क्रमानं सांगते, नाहीतर मला लिहिता यायचं नाही. पौषात गाय मेली. मग आईंना ताप भरला तो उतरेना. भाई आले, पुढच्या अंगणात खळ्यात बसले आणि म्हणाले, "काकी, तीन वर्सां झाली. जितो असतो तर इलो नसतो? त्येका पाणी नाय, पिंड नाय, म्हणान तो भुको घराभोवती फिरता." आई रडायला लागल्या. मुलगा उपाशी फिरतोय म्हटल्यावर कुठली आई गप्प बसेल? ठरलं, देवाला विचारायचं.

एरवी कौलाला पिटकोळीच्या झुडपाचे कळे लावतात, ते तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या मनानं घेतलं की तुमची खबर तुमच्याच फुलानं द्यावी. पहाटे ओंजळभर पिवळी फुलं खुडली आणि गुरवाच्या तबकात ठेवली. गुरव म्हणाला, "देवाक सगळी फुलां सारकी." मी त्या फुलांवर इतका जीव टाकला होता, ती माझ्याविरुद्ध कशी जातील?

सकाळीच कौल लागला असता तर काय झालं असतं, कोणास ठाऊक. पण नारळ पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायचा यावरून मानकऱ्यांचं जुंपलं. भाईंचा मान पहिला की खालच्या वाडीचा? आज्या-पणज्यांची भांडणं उकरून काढली. आम्ही बायका बाहेर उन्हात उभ्या. सूर्य डोक्यावर आला. मला आतलं तबक दिसत होतं, आणि फुलांनी मान टाकायला सुरुवात केली होती.

शेवटी दोघांनी मिळून नारळ धरला. गुरवानं पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! हो तुझो लेकरू खंय आसा ता तुका म्हायत. जितो आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

डावीकडे समई होती. डावी पाकळी त्या धगीनं मुडपली, सुटली आणि पडली. पाठोपाठ दुसरी, तीही डावी. मग उजवीही पडली, पण तोवर बघतो कोण? भाईंनी पंचा तोंडाला लावला होता.

मी आत शिरायला गेले, बायकांनी धरलं. घरी येऊन आईंचे पाय धरले. "आये, ता फूल दुपारी मान टाकताच. देवान नाय पाडूक, समईच्या धगीन पडला. पिटकोळीचे कळे लावन परत इचारा." आई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "गप ऱ्हव. देवाच्या तोंडाक तोंड देव नको." हे फूल मी अडीच वर्षं रोज बघते. ते कधी मिटतं ते मला कळत नाही तर कोणाला कळणार? पण पालथ्या घड्यावर पाणी.

तुम्ही आहात. मला माहीत आहे. हे पत्र मिळालं तर, देवाशपथ, बाबलीबरोबर एक शब्द पाठवा. एक शब्द पुरे. पुढच्या अमावास्येला विधी करायचा ठरवताहेत.

सौ. मथुरा


मालवण, एप्रिल १९५८

शब्द आला नाही. विधी झाला.

पळसाच्या पानांचा माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ. दर्याच्या काठी चिता रचली, भाईंनी अग्नी दिला. नारळ फुटला तेव्हा आई किंचाळल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून बायका कुजबुजल्या. मला रडू कसं येणार? जिवंत माणसासाठी रडणं अभद्र.

मग मला विहिरीवर नेलं. बांगड्या दगडावर फोडल्या, एक काच मनगटात घुसली. कुंकू पुसलं ते ओल्या पदरानं. मंगळसूत्र आईंनी स्वतः काढायला घेतलं, पण त्यांना गाठ सुटेना, शेवटी मीच सोडवून दिली.

त्या सकाळी झाडाला सात-आठ फुलं होती. कोणीतरी ती तोडून पिंडाशी वाहिली.

खाली सही काय करावी ते समजत नाही. सौ. लिहिलं तर आईंना पाप लागतं, दुसरं लिहिलं तर तुम्हाला. नुसतंच लिहिते.

मथुरा


मालवण, ऑक्टोबर १९५९

हे तुम्ही पायरीवर बसून वाचाल. होय ना? पायरीवर बसूनच वाचता, बाबली म्हणाला.

परवा आला होता. आईंसाठी साबणाची वडी आणली होती. जाताना अंगणात थबकला. चालतं झाड आता चालत चालत पेळेला वळसा घालून विहिरीच्या कठड्यापाशी गेलं आहे, पहाटेची फुलं उघडली होती. बाबली बघत राहिला आणि नकळत बोलून गेला, "थंयसर पण दाराक असलीच आसत. रांगच्या रांग."

थंयसर म्हणजे कुठे, मी विचारलं.

त्यानं पुन्हा चपलांकडे बघितलं. मी वाट अडवून उभी राहिले. मग बसला आणि सगळं ओकला. "वैनी, पयल्या पत्रापासून सगळी त्येच्याच हातात दिलंय. खयची कोठडी? मांडवीच्या काठार घर आसा, बाजूक दुकान. बाईल आसा, किरिस्तांव. एक चेडू, चलाक लागलाहा." पत्रं वाचून काय बोलतो, मी विचारलं. "काय नाय. घडी घालून खिशात घालता. माका चाय देता. कोणाक सांगू नको म्हणता." आणि कौलाचं पत्र? विधीचं? बाबली म्हणाला, "ती पण वाचल्यान. त्या दिसा चाय देवक इसारलो."

पाद्र्याची बाग म्हणे!

तिच्या दारातलं झाड तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून मला आणून दिलंत. देठ कापू नको, पिल्लू मूळ धरेपर्यंत थांब, हे तिनं तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही मला. मी त्याच्या बुडाशी राख घातली, आडोसा केला, त्याच्यासाठी उपाशी राहिले. रोज पहाटे त्याला तुमची खुशाली विचारली.

एक शब्द हवा होता मला. "आहे" एवढा. तो आला असता तर विहिरीवर माझं मनगट चिरलं नसतं. दुसरी केलीत, ते एकवेळ गिळलं असतं, बायका गिळतातच. पण माझं पत्र वाचून, तारीख वाचून, तुम्ही मला इकडे तुमच्या जिवंतपणी विधवा होऊ दिलंत. तुम्हाला तो कौल सोयीचा पडला.

कुदळ घेऊन झाडापाशी गेले होते. पहिला घाव घालायच्या आत आईंची हाक आली, "फुललं काय गो?" डोळे पार गेलेत त्यांचे. मी कुदळ ठेवली. "फुललां, आये," म्हटलं.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. आता पत्र लिहिणार नाही.

मथुरा


मालवण, फेब्रुवारी १९६२

दत्ताराम यास,

नाव लिहिलं आहे, बघ. आयुष्य उणं व्हायची भीती होती ती आता नाही. ते आमच्या गावानं दर्याकाठी जाळून टाकलं. अहो-जाहोही सोडलं आहे. गेलेल्याला एकेरीच बोलतात.

डिसेंबरात गोव्याची वाट मोकळी झाली. महिन्याभरात तुझं पत्र आलं, बांद्याहून, बाबलीच्या घरून. सात वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा बघितलं. अजून तसंच वाईट आहे. लिहिलंस, "तिथलं सर्व सोडून आलो आहे. घरी यावंसं वाटतं." सर्व म्हणजे ती बाई आणि ती मुलगी, असंच ना? त्या पायरीवर आता ती उभी राहात असेल. तिलाही कोणीतरी सांगेल, पंधरा दिवसांत येतो म्हणाला होता. त्यांच्यात कौल लावत नाहीत, हे एक बरं.

पत्र भाईंनी मोठ्यानं वाचलं. आई उठून उभ्या राहिल्या आणि दाराच्या दिशेनं चालायला लागल्या, चौकटीवर आपटल्या. कपाळाला खोक पडली तरी हसत होत्या. "माझो झील जितो! माझो झील जितो!" मी रक्त पुसत होते. मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगते.

मग गाव बसलं. भाई म्हणाले, "देवान डावो दिल्यान आणि माणूस जितो. देव खोटो कसो ठरवचो?" कौलाचं फूल शिळं होतं, समईजवळ होतं, हे मी चार वर्षांमागे ओरडून सांगितलं होतं, ते आताही कोणाला आठवलं नाही. आणि मीही आठवण करून दिली नाही.

वाट भटजींनी काढली. देव खोटा नाही. दत्ताराम मेलाच. पण शास्त्रात सोय आहे. ज्याचे अंत्यविधी झाले तो परत आला, तर त्यानं नव्यानं जन्म घ्यायचा. तुला तुपापाण्याच्या घंगाळात बसवतील, तान्ह्या मुलासारखं पाय पोटाशी घेऊन. मग बाहेर काढतील, नाव ठेवतील. आणि शेवटी, आधीच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतील. ते झालं की तू पुरा जिवंत. ते नाही झालं तर गावाच्या लेखी मेलेला तो मेलेलाच, उंबऱ्याच्या आत नाही, देवळात नाही, पंगतीत नाही.

सगळ्यांना ही तोड फार आवडली. भाईंनी तिथल्या तिथे कासाराला निरोप धाडला. हिरवा चुडा, माझ्या मापाचा. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर मयतामागून वरात.

एवढ्यात भटजी सहज म्हणाले, "लग्न म्हटलं की वधूची संमती आली. काय बाई, आहे ना?"

पहिल्या लग्नात मला कोणी विचारलं नव्हतं. नांदगावहून बैलगाडीत बसवलं आणि इथे उतरवलं. बाबांनी ठरवलं, मी आले, सुखानं आले. विधवा करतानाही कोणी विचारलं नाही. या वेळी भरल्या खळ्यात, सगळ्या मानकऱ्यांसमोर मला विचारलं गेलं.

मी नाही म्हटलं.

पहिल्यांदा कोणाला ऐकूच आलं नाही. पुन्हा म्हटलं. भाई उठले, "येडी झालंस? घोव परत जितो होता, आणि तू नाय म्हणतंस?" मी म्हटलं, "देवान डावो कौल दिल्यान. देवाच्या तोंडाक तोंड मी देवचंय नाय." त्यांचाच देव, त्यांचाच कौल. भाई चपला घालून निघून गेले, डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्यात.

पण खरी वेळ रात्री जेवणानंतर आली. आई चाचपडत माझ्यापाशी आल्या आणि माझे पाय धरले. सासूनं सुनेचे पाय. "माझ्या झिलाक जितो कर गो. तुझ्या पायां पडतंय. तुझ्या एका शब्दार आसा."

एका शब्दावर. मीही कधी एका शब्दावर होते, दत्ताराम.

त्यांना उठवून बसवलं आणि मग जे अडीच वर्षं पोटात ठेवलं होतं ते सांगितलं. पाद्र्याची बाग, दारातली रांग, पायरी, घडी घालून खिशात गेलेली पत्रं. सांगताना माझा आवाज चढला, मग फुटला. त्या विहिरीवर मी रडले नव्हते, ते सगळं त्या ओसरीवर रडले. आई ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि काचेचा वण बोटानं शोधून काढला. "ता फूल," त्या म्हणाल्या, "तिच्या घरचा व्हता?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी पुन्हा मागितलं नाही. पण तुझी आईच आहेत त्या. पहाटे म्हणाल्या, "तो भायर तर भायर, माका त्येच्याकडे धाड."

तेव्हा हे पत्र त्यांच्याबरोबरच येतं आहे. बाबलीनं गाडी आणली आहे. त्यांना अंधार आणि उजेड एवढंच कळतं. भात मऊ लागतो, सकाळी गरम पाणी लागतं, आणि उठल्या उठल्या त्या विचारतात की फुललं काय. त्यांच्या पिशवीत ओल्या फडक्यात एक पिल्लू बांधून दिलं आहे. बांद्याला बाबलीच्या परसात उंचवटा करून लाव, बुडाशी पाणी साचू देऊ नकोस. त्यानं मूळ धरलेलं आहे, देठ मी काल कापला.

घरात आता मी एकटी. भाई इथे राहू देतील की नाही, ते शिमग्यापर्यंत कळेल. नाही दिलं तर नांदगावला भाऊ आहे, तो तोंड वाकडं करील, पण दार लावणार नाही. झाड इथेच राहील. मी कुदळ पुन्हा हातात घेतलेली नाही. पहाटे उठून बघते अजून, सवय जात नाही. बघताना आता तुझा विचार मनात येत नाही, त्या पायरीवरच्या बाईचा येतो.

आई येताहेत. त्यांना त्यांचा जिवंत मुलगा मिळू दे. मला माझा मेलेला पुरे.

गं. भा. मथुरा